बसऱ्याच्या खजुरी

माझे थोरले बंधू शमुवेल मास्तर हयात होते तोवर दर वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, एक गोष्ट सांगायचे. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत आमच्या गावच्या ख्रिस्ती मंदिरात मिशनचे मोठे साहेब आले होते, तेव्हा मंडळीतल्या पोराबाळांच्या हातांत कशा दुधासारख्या पांढऱ्या झावळ्या होत्या, आणि साहेबांच्या मडमेनं त्यांतली एक विलायतेला न्यायला कशी मागून घेतली, ही ती गोष्ट. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. बंधूंच्याही यायचं. मी मागच्या बाकावर बसून ऐकायची आणि घरी येऊन सुनांवर कारण नसताना ओरडायची. त्यांच्या गोष्टीत झावळ्या असत, पण ज्या झाडांच्या डोक्यातून त्या उपटल्या ती झाडं नसत, आणि ती झाडं लावणारा आमचा बापही नसे. बंधू आता नाहीत. गेलेल्या माणसाशी मला भांडायचं नाही. त्यांनी गाळलेलं तेवढं लिहून ठेवते.

आमचे बाबा पहिल्या लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते. त्यांचं नाव याकोब, पण गावात सगळे त्यांना बसरेवाले म्हणत. परत येताना कुणी घड्याळ आणलं, कुणी गालिच्याचा तुकडा आणला. बाबांनी कोटाच्या खिशातून खजुराच्या बिया आणल्या. आईनं ते त्यांना कधी विसरू दिलं नाही. "इतकी वर्सं वाट बघितली आन् ह्यांनी थुकलेल्या बिया आनल्या," ती येईल त्या पाहुण्याला सांगायची. बाबांनी त्या बिया घरामागच्या विहिरीच्या सांडपाण्याच्या दांडाला, ओढ्याच्या उतारावर लावल्या. आमचं गाव शेवगावच्या बाजूचं, काळ्या रानाचं आणि थोड्या पाण्याचं. तिथं बोरी-बाभळीशिवाय उंच काही दिसायचं नाही. त्या उतारावर पाच खजुरी जगल्या आणि माझा जन्म व्हायच्या सुमाराला घराच्या वर गेल्या. शेवगावकडून येणाऱ्या माणसाला गाव दिसायच्या आधी आमच्या खजुरींचे शेंडे दिसत.

घर तीन खणांचं, धाब्याचं. पुढं पडवी, मागं विहीर. वारा सुटला की वाळक्या झावळ्या एकमेकींवर घासून असा आवाज करत की पाऊसच आला असं वाटावं. नवखा पाहुणा जेवता जेवता उठून अंगणातलं वाळवण उचलायला धावे आणि आई तोंडाला पदर लावून हसे. आईचा दिवस हुलग्याच्या माडग्यानं सुरू व्हायचा आणि तिच्या स्वयंपाकात खजूर कुठं ना कुठं असायचीच. अर्धी पिवळी, तुरट खजूर ती चिंच आणि शेंगदाण्याचं कूट घालून भाजीसारखी शिजवायची. पिकलेली उन्हात वाळवून मडक्यात ठेवायची आणि नाताळच्या करंज्यांत तिचं सारण भरायची. त्या करंज्या खायला आमच्या आळीबाहेरची माणसंही येत, आणि जी आमच्या घरचं पाणी पीत नसत तीसुद्धा करंजी फडक्यात बांधून नेत. आई ते बघायची आणि काही बोलायची नाही. मी बोलायची, आणि मार खायची.

झाडांवर माणसांपेक्षा जास्त वस्ती होती. ओढ्याच्या बाजूच्या झावळ्यांच्या टोकांना सुगरणींचे खोपे लोंबत. पावसाळ्यात त्यांचा असा कालवा चाले की विहिरीवरच्या बाबांना हाक ऐकू जात नसे, जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागे. खोडाच्या खाचांत खारी असत. एका खोडाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी होती, भर दुपारी बाहेर येऊन मान खालीवर करून आमच्याकडं बघणारी. अंड्यांच्या आशेनं धामण चढायची. ती चढली की सगळे पक्षी एकदम ओरडत, आणि बाबा काठी घेऊन जाऊन खोडावर नुसती आपटत. धामण मारू देत नसत. मधल्या झाडाच्या शेंड्यात, वाळक्या झावळ्यांच्या गचपणात उदमांजर राहायचं. दिवसा त्याची नुसती शेपटी खाली आलेली दिसे, कुणी दोरी विसरून गेल्यासारखी. पिकलेलं फळ आमच्या आधी ते खायचं आणि विहिरीच्या कठड्यावर बियांनी भरलेली घाण करून ठेवायचं. बाबा त्या बिया वेचून, धुऊन पुन्हा लावायचे. "त्येच्या पोटातनं आलेली बी लवकर उगवती," ते म्हणायचे. आई म्हणायची, "मग तुमीबी झाडावरच ऱ्हावा. भाकरी वर फेकते."

या मंडळींसाठी बाबांचा एक कायदा होता. झावळी वाळली तरी तोडायची नाही. खोपा रिकामा दिसला तरी काढायचा नाही. शेजारचे केशवतात्या बांधावरून चिडवायचे, "याकोबा, तुज्या झाडावर एवढी बिऱ्हाडं हायत, भाडं कोन वसूल करतं रं?" बाबा म्हणायचे, "येस्तर करती. तिच्या तावडीतनं कोन सुटलंय."

येस्तर म्हणजे मी, एस्तेर. त्या बोलण्यात थोडं खरं होतं. मी सातवी पास झाले तेव्हा मास्तरीण व्हायचं माझ्या मनात होतं, पण घरातून एकालाच नगरला शिकायला धाडता येत होतं आणि तो एक शमूदादा होता. मी घर डोक्यावर घेतलं. चूल पेटू दिली नाही. शेवटी बाबा मला विहिरीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "शमूला नगर, तुला ह्या खजुरी. आजपास्नं ही झाडं येस्तरची. आईच्या देखत सांगतो." आईनं मान हलवली. मुलीच्या नावावर गावात कुणी शेळीसुद्धा म्हणत नसे, तिथं माझ्या नावाची पाच झाडं झाली. मी सौदा मान्य केला. आत्ता वाटतं, फार स्वस्तात मानले. पण त्या वेळी मला ते राज्य वाटलं होतं.

खजुरीत नर वेगळा, मादी वेगळी. आमच्यात दोन नर आणि तीन माद्या होत्या. वाऱ्यावर सोडलं तर फळ धरतं, पण थोडं आणि किरटं. थंडी सरता सरता नराचं फुलाचं म्यान फुटतं आणि आत गव्हाच्या पिठासारखा वास येतो. ते तुरे कापायचे, मादीवर चढायचं, तिच्या फुटलेल्या म्यानात दोन-तीन तुरे उलटे खोवायचे आणि वरून पात्यानं सैल बांधायचं. बाबांनी हे बसऱ्याला बघितलं होतं. त्यांचे गुडघे गेल्यावर मी काष्टा घालून, कंबरेला आणि खोडाला अंबाडीच्या दोराचा वेढा घेऊन चढायला लागले. आई खालून ओरडायची, "तुला कोन करून घेईल गं असली." मी वरून ओरडायची, "जो शिडी धरंल तो." वर गेल्यावर काटे पोटऱ्या फोडत, उदमांजर गुरगुरून झावळ्यांत आणखी आत सरके, आणि मी सगळ्या रानाकडं मालकासारखी बघायची. दुसऱ्या लढाईमुळं बसऱ्याचा खजूर बाजारात यायचा बंद झाला होता. शेवगावचे चाँदभाई बागवान आमचे पिवळे घोस गाडी धाडून न्यायचे. मला भाव करायला त्यांनीच शिकवलं, म्हणजे आधी फसवलं आणि मग शिकवलं.

आज नगरच्या रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. बंगलेवाले येतात, बाटलीसारख्या बुंध्याचे पाम घेतात, आणि "आजी, याच्यावर पक्षी घाण करतील का" असं विचारतात. मी करणार नाहीत म्हणते. असल्या माणसांच्या झाडावर पक्षी तरी कशाला जाईल.

झावळ्यांच्या रविवारासाठी आसपासच्या चार गावांच्या मंडळ्या आमच्याकडून झावळ्या नेत. तेवढ्यापुरता बाबांचा कायदा सैल होई, पण तोडायचं काम ते स्वतः करत, आणि फक्त सगळ्यांत खालच्या, खोपा नसलेल्या झावळ्या काढत. दुसऱ्याच्या हातात कोयता देत नसत. त्या झावळ्यांना बुडाशी सुईसारखे काटे असतात. त्यामुळं आमच्या मंडळीत होसान्ना म्हणताना दर वर्षी एखादं पोर रडायचंच. बंधू तेव्हा नगरहून शिकून आले होते आणि गावच्या शाळेत कच्च्या जागेवर मास्तर होते. उपासनेची तयारीही मंडळीचे पाळकसाहेब त्यांच्याकडंच सोपवत. त्या वर्षी मोठे साहेब येणार असं ठरलं आणि बंधूंची झोप गेली. साहेबांच्या एका शब्दावर त्यांची जागा पक्की होणार होती.

आदल्या आठवड्यात ते विहिरीवर माझ्याकडं आले. "एस्तेर, या वर्षी काटेरी झावळ्या नकोत. नगरला मी कॅथलिकांच्या देवळात पाहिलंय, कोवळ्या पांढऱ्या पात्यांच्या वेण्या घालतात. हातात धरल्या की मेणबत्तीसारख्या दिसतात."

"दादा, पांढरं पान झाडाच्या टाळूत असतं. ते काढलं की झाडाकडं काय राहिलं?"

"प्रत्येकाचं थोडं थोडं घेऊ."

"थोडंही नाही. झाडं माझी आहेत."

"झाडं देवाची आहेत, एस्तेर."

"मग देव विचारायला आला की त्याला देईन."

ते रागावले नाहीत. बंधू कधीच रागावत नसत, त्याचाच मला राग यायचा. मग आम्ही बसून ठरवलं. खालच्या झावळ्यांचा एकूण एक काटा मी काढायचा, पाती फाडून पाण्यात मऊ करायची आणि प्रत्येक पोराला विणलेला क्रूस द्यायचा. बंधूंनी शिडी खालच्या झावळ्यांपेक्षा वर न्यायची नाही. "बरं," ते म्हणाले. मी तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांच्या तळहातावर टाळी घेतली. आमच्या बाजारात टाळी पडली की सौदा झाला. बाबा पाणी शेंदत होते. त्यांनी ते बघितलं आणि ऐकलंही.

शनिवारी मी गळलेल्या वाळक्या पात्यांचे फडे विकायला शेवगावला गेले. काटे काढून झाले होते, पाती घंगाळात भिजत होती. परत आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आळीच्या तोंडाशी पोरं घोळका करून काहीतरी पांढरं चावत होती. त्यांतली एक चिमुरडी माझ्याकडं धावत आली आणि तिनं तळहातावरचा तुकडा पुढं केला. "येस्तरअक्का, खा की. खोबऱ्यागत लागतंय."

मी तो तुकडा हातात घेऊन बघितला. ओला होता, गोड वासाचा. मग मी पळाले.

चार झाडं झाली होती. पाचव्याच्या शेंड्यात बंधू होते आणि खाली बाबा शिडी धरून उभे होते. दोन्ही हातांनी, नीट, खोडाला पाय लावून. विहिरीच्या कडेला दोन टोपल्या भरून पांढरी पाती होती आणि मंडळीतल्या बाया त्यांच्या वेण्या घालत बसल्या होत्या. मला बघून एक म्हणाली, "उदमांजर काय पळालं गं तुजं, पार ओढ्यापल्याड गेलं. पोरं मागं लागली हुती." मी वर बघितलं. बंधू हातातला कोंब सांभाळत उतरत होते, तान्हं मूल आणावं तसे.

"दादा, टाळी कशाला दिली होती?"

"अगं, पाळकसाहेब म्हणाले, एवढ्यानं साहेब खूश होणार असतील तर करू. आणि घाबरतेस काय? उसाचा खोडवा येत नाही का? केळ कापली तर पुन्हा फुटत नाही का? हीही फुटेल."

बायांनी माना हलवल्या. त्या सगळ्या मळ्यांत कामाला जाणाऱ्या. जन्मभर त्यांनी ऊस तोडला होता आणि तो पुन्हा फुटलेला बघितला होता. केशवतात्यासुद्धा बांधावरून म्हणाले, "फुटंल की, न फुटाया काय झालं." मी बाबांकडं बघितलं. ते खाली बसून दोर गुंडाळत होते. मी शिडीशी पडलेला कोयता उचलला आणि विहिरीत टाकला.

"तो कोयता पाळकसाहेबांचा होता," बंधू म्हणाले.

"मग पाळकसाहेबांना सांग, उडी मारा."

दुसऱ्या दिवशीचं सगळं बंधू सांगत तसंच झालं. पांढऱ्या झावळ्या खरंच सुंदर दिसत होत्या. खोटं कशाला सांगू. मी मंदिरात गेले आणि हात मोकळे ठेवून बसले. घंगाळातली माझी पाती तशीच भिजत राहिली आणि नंतर शेळीनं खाल्ली. बंधूंची जागा पुढच्या महिन्यात पक्की झाली.

मग उन्हाळाभर आम्ही वाट बघत बसलो. खजुरीला नवं पान येतं ते शेंड्यातून सुईसारखं सरळ वर येतं. रोज सकाळी मी लांब उभी राहून पाचही शेंडे बघायची. सुई कुठंच नसे. जुन्या झावळ्या हिरव्यागार होत्या. बघणाऱ्याला वाटावं, झाडांना काही झालेलंच नाही. मी आधीच तुरे खोवले होते, त्यामुळं घोस धरले होते आणि त्या वर्षी ते इतके भरले की आधी कधी भरले नव्हते. बाबा दांडाचं पाणी वळवून पुन्हा वर घागरींनी घालत. आई मला आणि बाबांना वेगवेगळं वाढायला लागली, कारण एका ताटाशी बसलो की मी भाकरी मोडायची नाही. बंधू आले की वर बघून म्हणायचे, "पाऊस पडू दे, फुटेल." मला ते म्हणणं खरं व्हावं असंही वाटायचं आणि बंधू बरोबर ठरू नयेत असंही वाटायचं.

घोस पिवळे झाले तेव्हा चाँदभाई गाडी घेऊन स्वतः आले. झाडाखाली घोंगडीवर बसले, एक खजूर दातानं फोडली आणि वर बघत बसले. बाबा शेजारी सुतळी वळत होते.

"पोरी, आवंदा माल नंबरी हाय. पुढच्या सालचा सौदा आताच करून टाकू."

"पुढच्या सालचा सौदा नाही."

"दुसरा कुनी बागवान आला हुता काय?"

"कुणी आलं नाही."

त्यांनी आपण होऊन भाव वाढवला. मी नाही म्हटलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आणखी वाढवला. मी पुन्हा नाही म्हटलं. मी जितकी नाही म्हणे तितके ते खूश होत होते, कारण त्यांना वाटलं, आपली शागीर्द तयार झाली. शेवटी ते म्हणाले, "बसरेवाले, सांगा की हिला. एवढा ताणला तर दोर तुटंल."

बाबांनी सुतळीला आणखी एक पीळ दिला.

"झाडं मेलीत, चाँदभाई," मी म्हणाले.

त्यांनी मान मागं टाकून त्या हिरव्या शेंड्यांकडं बघितलं, पिवळ्या घोसांकडं बघितलं, आणि पोट धरून हसायला लागले. "या अल्ला. लई भाव करनारे बघितले, पन उभं झाड मारून भाव वाढवनारी तू पयलीच." ते हसत होते आणि बाबा उठले. सुतळी तशीच टाकून त्यांनी घागर उचलली, विहिरीवर गेले, पाणी शेंदलं आणि मधल्या झाडाच्या आळ्यात ओतलं. मग दुसरी घागर आणली. चाँदभाईंचं हसू हळूहळू थांबलं. सौदा न करताच त्यांनी माल भरला आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

पावसाळा लागला तसे सुगरणीचे नर आले. नर आधी अर्धा खोपा विणतो आणि मादी येऊन बघून जाते. तिला पसंत पडला तर पुढचं काम. त्या वर्षी नरांनी भराभर विणले, टोपीसारखे अर्धे खोपे सगळ्या झावळ्यांना लोंबायला लागले. माद्या यायच्या, टेकायच्या आणि जायच्या. का ते मला ठाऊक नाही. झावळ्यांत कणा राहिला नव्हता, टोकं वाऱ्याशिवायही खाली गेली होती, एवढं दिसत होतं. महिनाभरात ती सगळी अर्धी घरं तशीच टाकून पक्षी केशवतात्यांच्या बाभळीवर गेले. पिंगळेही कधी गेले ते कळलं नाही. उदमांजर त्या शनिवारनंतर आलंच नाही. कठडा स्वच्छ असायचा.

एका सकाळी मी विहिरीवर गेले तर बाबा मधल्या मादीच्या खोडाला कान लावून उभे होते. मला बघून ते बाजूला झाले, मला जागा दिल्यासारखे. मी कान लावला. आत कुरकुर चालली होती. कुणी भिजलेली वैरण चावावी तशी, एका ठिकाणी नव्हे, वरपासून खालपर्यंत. कोयत्याच्या जखमेच्या वासावर सोंडवाले किडे आले होते आणि त्यांच्या अळ्या आतून झाड खात होत्या. मी कान काढला. बाबांनी पुन्हा लावला.

वारा नव्हता अशा एका दुपारी त्या झाडाचा शेंडा खाली आला. मोठा आवाजही झाला नाही, गवताचा भारा टाकावा तेवढाच. आई भाकरी थापता थापता थांबली आणि पुन्हा थापायला लागली. मी आणि बाबा मागं गेलो. शेंडा आळ्यात पालथा पडला होता, आतून काळा भुसा आणि अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या बाहेर सांडल्या होत्या, आणि साळुंक्या त्या वेचायला आधीच येऊन पोचल्या होत्या. बाबा कठड्यावर बसले. त्यांना तसं बसलेलं बघून माझा इतक्या महिन्यांचा राग वर आला.

"बाबा, तुम्हांला ठाऊक होतं."

"व्हय," ते म्हणाले. "बसऱ्याला आमच्या लोकांनी गाभा खायाला झाडं तोडली हुती. त्यातलं एकबी पुन्ना उठलं न्हाई. झाडाची मालकीन तितंच बसून ऱ्हायली हुती. आमी तिकडनं निघालो तवाबी बसल्याली हुती."

"मग शिडी का धरली?"

"शमूनं मागितलं. ल्हानपनापास्नं त्या पोरानं माज्याकडं कदी कायच मागितलं न्हवतं. शाळंत घातलं, गेला. नगरला धाडलं, गेला. पयल्यांदा कायतरी मागितलं. माज्या तोंडातनं न्हाई निगंना."

"आणि झाडं कुणाची होती?"

"तुजी."

"मग मला का नाही विचारलं?"

"तुजं काय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट एक तऱ्हेचं कौतुक होतं. "तू भांडून घेतीस. तुला कुनी द्याचं ऱ्हात न्हाई. तू कुटंबी हुबी ऱ्हाशील."

हेच वाक्य मी पुढं सगळ्यांच्या तोंडून ऐकलं. सासरी वाटण्या झाल्या तेव्हा दिरांनी म्हटलं, वहिनींना काय कमी, त्या कमवतील. आई गेल्यावर तिची पेटी फोडली तेव्हा बंधूंनी म्हटलं, एस्तेरला कशाला, ती समर्थ आहे. आणि मी खरोखरच उभी राहिले, म्हणून त्यांचं म्हणणं खरंही ठरलं. भांडणाऱ्याला देण्याची गरज नसते असा या लोकांनी कायदा करून ठेवला आणि मी जन्मभर तो मोडायला भांडत राहिले. त्यानं तो आणखी पक्का झाला, हे मला उशिरा कळलं.

पण त्या दुपारी कठड्याशी मी भांडले नाही. आवाज चढवला नाही, बदल्यात काही देऊ केलं नाही, टाळीला हात पुढं केला नाही. मी नुसतं म्हटलं, "बाबा, एकदा म्हणा, येस्तर, माझं चुकलं. मला दुसरं काही नको."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओठ हलल्यासारखे वाटले. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, पडलेल्या शेंड्याभोवती एकदा फिरले आणि म्हणाले, "कुऱ्हाड आन."

मी गेले आणि कुऱ्हाड आणून दिली. अंधार पडायच्या आत आम्ही दोघांनी ते झाड तोडून ओढ्याच्या कडेला टाकलं. बाकीची चारही पुढं तशीच गेली. थंडी लागायच्या आत मी मावशीकडं नगरला निघून गेले, तिथंच धंद्याला लागले, आणि गावाकडं नाताळापुरती येऊ लागले. बाबा गेले तेव्हा मी मातीला वेळेवर पोचले, बोलण्याला पोचले नाही.

या वयातही माझ्याकडं माल द्यायला आलेला माणूस नाही म्हणाला, तर मी त्याला बसवते, चहा देते आणि पुन्हा विचारते. पहिला नकार मी कुणाचाच खरा धरला नाही. बाबांनी तर नकारही दिला नव्हता, नुसती कुऱ्हाड मागितली होती. मी ती आणायला एवढ्या लगबगीनं का गेले, ते मला अजून सांगता येत नाही. थोडी थांबले असते, त्यांच्या शेजारी कठड्यावर बसले असते आणि दुसऱ्यांदा विचारलं असतं, तर मला वाटतं, ते म्हणाले असते.